भाड्याचा ठो बाद

देशाचे संरक्षण आणि लेकराची झोप या दोन गोष्टी एका अंगणात नांदू शकत नाहीत, असे इतिहासात कोठेही नमूद नाही. याचे कारण उघड आहे. इतिहास लिहिणाऱ्यांपैकी कोणीही कधी लेकरू झोपवलेले नाही.

चीनची लढाई संपल्यावर पुढच्या पोळ्याला अमडापुरात 'पिस्तूल नेमबाजी क्लब' निघाला. (तो लढाई चालू असतानाच निघायचा होता, पण तेव्हा कपाशी वेचणीला आली होती, आणि वेचणी कोणासाठी थांबत नाही.) शत्रू हिमालय उतरून आलाच तर तो खामगावच्या रस्त्याने येईल की चिखलीच्या, यावर स्थापनेच्या सभेत पुष्कळ चर्चा झाली. बाजाराच्या दिवशी आला तर त्याला बैलगाडी सोडायलाही जागा मिळणार नाही, एवढ्यावर एकमत होऊन चहा आला.

क्लबाचे अध्यक्ष किसनराव पाटील. अध्यक्षपदाला लागणारी एकमेव पात्रता गावात त्यांच्याकडेच होती, ती म्हणजे पिस्तूल. वडिलांच्या वेळचे, परवान्याचे, विजयादशमीला हळदकुंकू वाहून परत पेटीत जाणारे. क्लबाचे चिटणीस त्यांचे चिरंजीव रामराव, कारण शाई आणि दौत त्यांच्याकडे होती. क्लबाचे मैदान म्हणजे किसनरावांचे अंगण आणि त्याला लागून असलेले खळे. आणि क्लबाचा चहा म्हणजे रामरावांची बायको कोकिळा. ती सभासद नव्हती, पण तिच्याशिवाय एकही सभा झाल्याची नोंद नाही.

क्लब निघाला तेव्हा कोकिळेचा सोपान दोन महिन्यांचा होता. कोकिळा बुलढाण्याची, सातवी पास, आणि तिची एकच मागणी होती. लेकराने पहिला शब्द 'आई' म्हणावा. ना तिने पाटल्या मागितल्या, ना माहेरी जायची रजा. ज्याला नऊ महिने पोटात आणि त्यानंतर अखंड कडेवर वागवले, ज्याच्या पोटदुखीचा प्रत्येक सूर वेगवेगळा ओळखायला शिकली, त्याने तोंड उघडताच आपले नाव घ्यावे, एवढेच. मागणी वाजवी होती, आणि म्हणूनच ती कोणत्याही सभेत मांडता येण्यासारखी नव्हती.

शिवाय तिला विरोध होता. "या घरातलं लेकरू पयले 'बा' म्हंते," सासूबाई झुंबरबाईंनी बारशालाच सांगून टाकले होते. "राम्यानं बी म्हटलं, त्याच्या बापानं बी म्हटलं. चार पिढ्याची वहिवाट हाये."

"मंग आता पाचवीत मोडू, आत्याबाई," कोकिळा म्हणाली, आणि दुपट्यातल्या कानाशी वाकून कुजबुजली, "आई म्हण रे राजा. आ-ई."

राजाने जांभई दिली.

आता क्लबाच्या कार्यपद्धतीविषयी. एका जागी ताठ उभे राहून, एक डोळा मिटून, कागदावरच्या काळ्या ठिपक्याला गोळी मारणे याला क्लब 'शहरी नेमबाजी' म्हणत असे. शत्रू काही आपला डोळा मिटेपर्यंत थांबत नाही. तेव्हा अमडापुरात नेमबाजी व्हायची ती प्रत्यक्ष व्यवहारातली. स्पर्धकाने अंगणात खाटेवर निजलेले असावे. (शत्रू आला तर क्लबाचे बहुसंख्य सभासद त्याच स्थितीत सापडतील, असे पाहणीत आढळले होते.) शिटी वाजताच उठावे, पायताण शोधावे, गव्हाण ओलांडावी, कडब्याच्या गंजीआडून वाकून पहिल्या बुजगावण्यावर नेम धरावा, तिथून धावत बैलगाडीखाली शिरून दुसऱ्यावर, आणि शेवटी विहिरीच्या काठाला टेकून तिसऱ्यावर. हे सगळे रामरावांच्या मनगटी घड्याळावर मोजले जाई. घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता. पण रामरावांचा अंदाज चांगला होता.

तीनपैकी शेवटच्या बुजगावण्याला गोळी मारायची नसे. त्याच्या गळ्यात 'आपला माणूस' अशी पाटी होती, आणि त्याला मारले तर गुण वजा होत. खऱ्या नेमबाजाची परीक्षा गोळी मारण्यात नसून न मारण्यात आहे, हे तत्त्व मोठे उदात्त. अडचण इतकीच आली की त्या बुजगावण्याला टोपी आणि कोट घातल्यावर ते कोणासारखे दिसते यावर गावात दोन मते झाली. नुकत्याच पंचायतीच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. पहिल्याच सरावात निम्म्या सभासदांनी शत्रूंना सोडून 'आपल्या माणसा'वर नेम धरला, आणि उरलेल्यांनी त्याच्या बाजूने तक्रार केली. शेवटी त्याची टोपी काढून डोक्यावर मडके ठेवण्यात आले. तेव्हापासून तो कोणाचाच माणूस राहिला नाही आणि सुरक्षित झाला.

मुख्य प्रश्न काडतुसांचा होता. परवान्यावर वर्षाला पंचवीस मिळत. उद्घाटनाला सलामी द्यावी असे ठरले. आणि सलामी म्हटली की ती एकवीस तोफांची, त्यात कसर करणे राष्ट्राला शोभणारे नाही. एकवीस झाडून झाल्या. गावातल्या म्हशींनी आठवडाभर दूध चोरले. उरलेल्या चारांपैकी तीन 'पिस्तूल कसे हाताळू नये' हे दाखवण्यात खर्च झाली, आणि एक सुरक्षिततेवरील व्याख्यानात, अनवधानाने, माळवदाच्या तुळईत गेली. अशा रीतीने स्थापनेच्या दिवशीच सूर्यास्तापूर्वी क्लबाचा वर्षाचा साठा संपला. एवढ्या कमी वेळात एवढे काम दुसऱ्या कोणत्याही संस्थेने केल्याचे ऐकिवात नाही.

पण किसनराव खचणाऱ्यांतले नव्हते. रिकामी काडतुसे त्यांनी गोळा करून ठेवली होती. करंजी एकदा खाल्ली की संपते, पण करंजीचा साचा पुन्हा भरता येतो, हा त्यांचा सिद्धांत. दिवाळी तोंडावर होती, त्यामुळे सिद्धांत घरात सगळ्यांना लगेच पटला. शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीसाठी परवान्यावर मिळणारी दारू होती. बाकीचे साहित्य घरातून उभे राहिले. सोनाराची तागडी आली. शिंप्याचे अंगुस्तान आले. डट्ट्यासाठी सोपानच्या गादीच्या एका कोपऱ्यातून कापूस आला. आणि एके दुपारी किसनराव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, घसा खाकरून उभे राहिले.

"सूनबाई, ते लेकराचं बोंडलं दे जरा."

बोंडले म्हणजे लेकराला दूध पाजायचे चांदीचे, चोच असलेले भांडे. कोकिळेच्या आईने बारशाला दिलेले.

"काऊन, मामाजी?"

"त्याची चोच पाह्यली मी. काडतुसाच्या तोंडात नेमकी बसते. दारू सांडत नाई."

"त्यात दूध पेते हो लेकरू!"

"देशाले पायजे, सूनबाई," किसनराव मृदू आवाजात म्हणाले. देशाचे नाव घेताना ते नेहमीच मृदू होत.

कोकिळेने बोंडले ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवले, आणि ते हरवल्याचे जाहीर केले. देशाला चहाच्या गाळणीवर भागवावे लागले.

पाऊण महिना हा छंद चालला. किसनराव पाटावर मांडी घालून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, काडतूस भरू लागले की त्यांच्याकडे पाहत राहावेसे वाटे. इतक्या मायेने त्यांनी आपल्या चार मुलांपैकी एकालाही घास भरवलेला नव्हता, असे झुंबरबाई म्हणत. भरलेली काडतुसे परातीत मांडून अंगणात उन्हाला ठेवली जात. या प्रयोगाची फलनिष्पत्ती पुढीलप्रमाणे झाली. बारापैकी सात काडतुसांनी घोडा ओढल्यावर मौन पाळले. तीन 'फुस्स' असे म्हणाली. एकातली गोळी नळीतून बाहेर पडली आणि किसनरावांच्याच पायताणावर विसावली. आणि एक उडाले, अगदी खऱ्यासारखे उडाले. पण ते पिस्तुलात घालण्यापूर्वी, परातीतच, शेजारी वाळत घातलेल्या मिरच्यांसकट. अख्खी आळी दोन दिवस शिंकत होती. रामरावांनी चिटणीस या नात्याने त्याची नोंद 'अश्रुधुराचा प्रयोग, यशस्वी' अशी केली.

यानंतर झुंबरबाईंनी दारूची पिशवी कुलपात टाकली आणि किल्ली कमरेला लावली. आणि मग रामरावांना ती कल्पना सुचली, जिने क्लबाचे नाव तालुक्याबाहेर गेले.

"बा, गोळी जाऊन जाऊन कुठं जाते? बुजगावण्यात. मंग तिथं भोक पडते, आन् ते बुजवाले आपल्यालेच लागते. मले वाटते, गोळी नसली तरी चालते. आवाज पायजे."

अशी तोंडी फैर अस्तित्वात आली. स्पर्धकाने धावावे, वाकावे, नेम धरावा आणि तोंडाने 'ठो' म्हणावे. पिस्तूल परवानेदाराशिवाय कोणी हातात धरू नये असा कायदा असल्याने (क्लब कायद्याच्या बाहेर कधीच गेला नाही) इतरांनी आपापल्या घरून जुवाची शिवळ, लाटणे, पळी असे काहीही आणावे. नियम पुढीलप्रमाणे ठरले. ठो स्पष्ट असावा. 'ठा' किंवा 'ढो' यास अर्धे गुण. नेम धरण्याआधी निघालेला ठो हा अपघात समजला जाईल. खोकल्यास गुण नाहीत. मनातल्या मनात म्हटलेला ठो ग्राह्य नाही. आणि बरोबरी झाल्यास दोघांनी स्वतः भरलेले एकेक खरे काडतूस खऱ्या पिस्तुलातून झाडून निकाल लावावा. हा शेवटचा नियम किसनरावांनी आग्रहाने घालून घेतला. बारांखेरीज भरलेले तेरावे एक काडतूस त्यांनी झुंबरबाईंच्या नजरेआड जपून ठेवले होते.

खर्च शून्य, धोका शून्य, आवाज भरपूर. सकाळ-संध्याकाळ अंगणात सराव सुरू झाला. एकोणीस सभासद, प्रत्येकी दोन ठो, बुजगावण्याच्या अंगावर ठो, बैलगाडीखालून ठो.

आणि प्रत्येक ठोला झोळीतला सोपान दचके. दचकला की ओठ काढी. ओठ काढले की कोकिळा हातातले टाकून धावे. कधी हाताला भाकरीचे पीठ, कधी राख, कधी एका हातात तशीच धरलेली चूलफुंकणी. "आली रे आली, आई आली, काही नाई, काही नाई माह्या सोन्या," असे म्हणत त्याला उचलून छातीशी धरी. तो हुंदका गिळून शांत होई. ती त्याला परत झोळीत ठेवी, भाकरी तव्यावर टाकी, आणि अंगणातून कोणीतरी गंजीआडून ओरडे, "ठो!"

शेजारच्या गोजरबाई कुंपणावरून बघत. "कोकिळे, काऊन धावतं वं सारखी? सवय होईन त्याले."

"त्याले होईन वो, मले होत नाई ना."

ठो आणि ठो यांच्या मधल्या वेळात ती आपले काम करी. "आई. आ-ई. म्हण." सोपान तिच्या नाकाला हात लावी, तिच्या काळ्या मण्यांची पोत तोंडात घाली. त्याच्या तोंडून लाळेखेरीज काही येत नसे. 'बा' सुद्धा येत नसे, एवढाच काय तो दिलासा.

संक्रांतीनंतर मेहकरशी पहिला सामना झाला, मेहकरला. तिथेही असाच क्लब निघाला होता. (चांगल्या गोष्टी पसरतात.) त्यांचे अध्यक्ष भगवानराव, मोठे बागायतदार, पिस्तूल स्वतःचे, मिशा स्वतःच्या, पण ठो मात्र दुसऱ्याचा. त्यांनी कापसाच्या बाजारात लिलाव पुकारणारा एक माणूस पैसे देऊन आणला होता. भगवानराव नेम धरीत आणि तो मागे उभा राहून ठो म्हणे. तो असा की मैदानाबाहेर उभ्या बैलांनी जू टाकले. अमडापूर हरले.

या अन्यायाविरुद्ध चिटणीस रामराव मेहकरलाच मुक्कामाला राहिले. चर्चा झाल्या, तह झाला, आणि नवा नियम दोन्ही क्लबांनी मंजूर केला, 'ठो स्पर्धकाच्या घरचाच असावा. भाड्याचा ठो बाद.' विजयी मुद्रेने रामराव एस.टी.तून उतरून घरी आले तो सोपान उंबऱ्यापर्यंत रांगत त्यांच्या पायाशी आला.

रामराव दचकले. "अवं, हा रांगते?"

"तुमी नियम करून राह्यले होते ना," कोकिळा म्हणाली, "तवापासून."

रामरावांनी त्याला उचलून म्हटले, "म्हण, बाबा." मग त्यांना सभेची आठवण झाली.

परतीचा सामना रामनवमीच्या आधीच्या रविवारी अमडापुरात ठरला. खळे सारवले, पताका लागल्या, बक्षिसाचा पितळी पेला घासून चिंचेने लखलखीत केला (घासला कोणी हे सांगायला नको). पंच म्हणून मोताळ्याहून शेषराव आले. दुसऱ्या महायुद्धात खऱ्या लढाईवर जाऊन आलेले निवृत्त हवालदार, मितभाषी, एक पाय किंचित ओढणारे. पन्नाशीतली माणसे लाटणी घेऊन बैलगाडीखाली शिरताना त्यांनी इतक्या गंभीरपणे पाहिली की सगळ्यांना आपण योग्य तेच करीत आहोत याची खात्री पटली.

कोकिळेने झोळी लिंबाच्या झाडाला बांधली होती, खळ्याच्या काठावरच, म्हणजे चहा देता देता लेकरावर नजर राहील. सोपान आता दहा महिन्यांचा. झोळीत बसून काठावरून डोके बाहेर काढून तो सामना बघत होता. आताशा तो ठोला दचकत नसे. ठो झाला की फक्त मान वळवून इकडेतिकडे पाही, काहीतरी शोधल्यासारखे.

सामना रंगला. भगवानरावांनी या खेपेला स्वतःचा ठो आणला होता, आणि तो वाईट नव्हता. किसनरावांचा आवाज मिरच्यांच्या प्रयोगापासून थोडा बसलेला. पण ते खाटेवरून उठण्यात आणि पायताण सापडण्यात पुढे होते. दुपारपर्यंत दोघांचे गुण अगदी बरोबर झाले. शेषरावांनी हात वर केला.

"बरोबरी. आता खरं काडतूस."

खळ्याच्या टोकाला मातीच्या ढिगापुढे मडके ठेवले. लोक मागे सरले. भगवानरावांनी आपले, घरी भरलेले काडतूस पिस्तुलात घातले, मिशीवर हात फिरवला, घोडा ओढला.

टिक्.

"माह्या भावानं भरलं होतं ते," भगवानराव म्हणाले.

मग किसनराव. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून ते एकुलते एक काडतूस काढले. झुंबरबाईंनी कमरेच्या किल्लीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले, आणि ती नजर अशी होती की काडतुसाने तिथेच नांगी टाकली असावी. किसनरावांनी नेम धरला.  पाच महिने जपलेली आशा होती ती.

फुस्स.

शेषरावांनी दोन्ही पिस्तुले स्वतः तपासली, रिकामी करून पाटावर ठेवली, आणि 'मोकळं' असे जाहीर केले.  काय करावे ते कोणालाच कळेना, आणि अशा वेळी सगळीकडे जे करतात तेच झाले, चहा मागवला. कोकिळा चुलीवरची किटली घेऊन खळे ओलांडून निघाली. ती मडक्याजवळ पोचली असेल नसेल, तेवढ्यात त्या शांततेत, लिंबाच्या झाडाखालून, स्वच्छ, खणखणीत, कोवळा आवाज आला.

"ठो!"

सगळ्या माना वळल्या. झोळीच्या काठाला एका हाताने धरून सोपान उभा होता. दुसरा हात सरळ समोर केला होता, एक बोट पुढे. बोटाच्या रेषेत कोकिळा होती. कोकिळेच्या मागे मडके होते.

कोकिळेच्या हातातली किटली खाली बसली. ती बसवली नाही, बसली. दहा महिने. दहा महिने कानाशी लागून 'आई' म्हणाली होती ती.

अंगणात मात्र जल्लोष उसळला. "माह्या घरचा हाये!" किसनराव उडी मारून म्हणाले. इतकी उंच उडी त्यांनी स्पर्धेतही मारली नव्हती. "नेम मडक्यावर हाये, ठो स्पष्ट हाये, आन् माह्या घरचा हाये! नियम वाच बे राम्या!"

रामरावांनी नियम वाचला. भाड्याचा ठो बाद. घरचा ठो ग्राह्य. घरचे माणूस किती वयाचे असावे याविषयी नियम गप्प होता.

"हे कुठलं!" भगवानराव भडकले. "लेकराले काय समजते? ते काहीबाही बोल्लं! त्याले म्हना पुन्हा म्हन!"

सगळे झोळीभोवती जमले. भगवानरावांनी मिशा जवळ नेऊन विचारले, "म्हन बरं, बाप्पू. काय म्हटलं तू?" सोपानने मिशांचा अभ्यास केला. बोलला नाही. किसनराव म्हणाले, रामराव म्हणाले, एकोणीस सभासद एकामागून एक ठो म्हणून दाखवू लागले. सोपान त्यांच्या खांद्यांवरून, कमरांमधून, इकडेतिकडे बघत होता. त्याचा ओठ बाहेर आला. माणसांच्या भिंतीपलीकडे कोकिळेचे लुगडे कडब्याच्या गंजीआड जाताना त्याला दिसले, कारण तिला डोळे पुसायला आडोसा हवा होता.

"ठो!" सोपान दोन्ही हात पसरून ओरडला. "ठो! ठो! ठो!"

आणि कोकिळा आली. डोळे पुसायचे राहिले, आली. पाच महिने येत होती तशीच, हातातले टाकून, माणसांना बाजूला सारत. तिने उचलले, आणि तो तिच्या मानेत तोंड घालून, समाधानाने, अगदी हळू म्हणाला, "ठो."

झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! कोकिळे, तुले बलावून राह्यला वं तो! हे लोक ठो म्हनत अन् तू येत. त्याले वाटलं, तुहं नावच ते हाये!"

कोकिळा थबकली. मग तिने लेकराच्या केसांत नाक खुपसले, आणि बराच वेळ वर पाहिले नाही.

शेषराव लंगडत पुढे आले. "सूनबाई," ते म्हणाले, "मी पंच हाये. मले लिहा लागते. हा ठो समजू का आनखी काही?"

आता गोष्ट अवघड होती. ठो म्हटले तर पेला अमडापूरचा. किसनराव तिच्याकडे अशा आशेने पाहत होते की तशा आशेने त्यांनी आयुष्यात देशाकडेही पाहिले नसेल. रामराव चष्मा पुसत होते. कोकिळेने पदर सावरला.

"मामाजी, रागावू नका," ती म्हणाली. "पेला गेला तं जाऊ द्या. पन हे ठो नाई. हे 'आई' हाये."

किसनराव खाटेवर बसले. भगवानरावांनी मिशी वर केली. "मंग पेला आमचा!"

"थांबा," शेषराव म्हणाले. नियमाने चालणारा माणूस तो. "ठो म्हंजे आई, हे मायनंच सांगितलं. तिच्यापेक्षा मोठा साक्षीदार कोन? मंग सकाळपासून तुमी काय म्हनून राह्यले, भगवानराव? तुमी, पाटील, तुमी सगळे?"

रामरावांनी हिशेब पाहिला. त्या हिशेबाने मेहकरच्या अध्यक्षांनी त्या दिवशी शत्रूसमोर अठरा वेळा 'आई' अशी हाक मारली होती. अमडापूरच्या अध्यक्षांनीही तितक्याच वेळा. त्यांपैकी निम्म्या बैलगाडीखालून.

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसले. भगवानरावांचा चेहरा मडक्यासारखा झाला. शेषराव मात्र हसले नाहीत.

"लाजू नका," ते म्हणाले. "मी मोर्च्यावर होतो. खऱ्या गोळ्या सुरू झाल्या की तिथं बी सारे हेच म्हनत. आपले म्हनत, त्यायचे बी म्हनत. मले त्यायची भाषा येत नव्हती, पन तो शब्द समजे."

 मग शेषरावांनी निकाल दिला. कोणीही एकही गोळी झाडलेली नाही, सबब सामना झालेलाच नाही. पेला निकाल लागेपर्यंत तटस्थ जागी ठेवावा. गावात तटस्थ जागा शोधण्यात आली. एकच सापडली, ती म्हणजे कोकिळेचे स्वयंपाकघर. तिथे तो अजून आहे, आणि त्यात मीठ असते. शेजारी बोंडले आहे. ते त्याच संध्याकाळी कणगीत सापडले.

क्लबाने आपल्या पुढील सभेत, सोपान किसनरावांच्या मांडीवर त्यांची घड्याळाची साखळी चघळत असताना, 'चि. सोपान याचा पहिला शब्द आई हाच आहे' असा ठराव एकमताने मंजूर केला. झुंबरबाईंनी चार पिढ्यांची वहिवाट मोडल्याचे कळवले. सराव पुढे चालू राहिला, पण थोडा हळू आवाजात. आताशा ठो म्हणताना सभासदांना घरची आठवण होते, अशी तक्रार आहे.

येथे काही वाचक हसले असतील. एवढी शहाणी, जाणती माणसे, आणि काय हा वेळेचा अपव्यय! त्यांना क्लबातर्फे एवढीच विनंती आहे, की आपल्या लेकराचा पहिला शब्द कोणता होता, तो आठवून पाहावा. आठवत असेल तर आनंद आहे. आठवत नसेल, तर त्या वेळी आपण कोणत्या क्लबात होतात, ते आठवावे.